ग्लॉक १७ वारंवार अडकते: दोष पिस्तुलाचा, मॅगझिनचा, राउंडचा की पकडीचा?

ग्लॉक १७ दर पन्नास-शंभर राउंडांत (काडतुसांत) एकदा अडकत असेल, तर त्यावर समाधान मानू नका. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्कराने पी८० या नावाने हे पिस्तूल निवडले आणि तेव्हापासून त्याची ओळख न अडकण्यासाठीच आहे. कारखान्याचे मूळ भाग, चांगल्या स्थितीतली रिकॉइल स्प्रिंग (वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, परत पुढे आणणारी), धड मॅगझिन आणि कारखान्यात भरलेले राउंड असतील तर शेकडो राउंड सलग गेले पाहिजेत. तसे होत नसेल तर कारण सापडतेच, फक्त ते योग्य क्रमाने शोधावे लागते.

आमच्या मते क्रम असा: मॅगझिन, राउंड, पकड, बाहेरून आणून बसवलेले भाग, झिजलेली स्प्रिंग, आणि सर्वांत शेवटी पिस्तुलाचा मूळ दोष. बरेच जण नेमके शेवटाकडून सुरुवात करतात. एकदा पुंगळी (झाडलेल्या राउंडचे रिकामे कवच) अडकली की एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा नखासारखा भाग) मागवतात, सोबत रिकॉइल स्प्रिंगही बदलतात, आणि मग कशामुळे फरक पडला किंवा का पडला नाही हे कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण हे राहू द्या.

भारतात ९ मिमी हा निषिद्ध बोअर आहे, त्यामुळे सामान्य परवानाधारकाकडे हे पिस्तूल नसते. एनएसजीकडे ग्लॉक १७ आहे, पोलिसांच्या काही पथकांकडेही आहे. सरकारी शस्त्र असेल तर या लेखातला पिना काढण्याचा आणि भाग बदलण्याचा मजकूर आर्मररसाठी (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्यासाठी) आहे. शिपायाने निरीक्षण, साफसफाई आणि नोंद एवढेच करावे. अमेरिकेत वा इतरत्र कायदेशीर मालकी असलेल्या मराठी वाचकांनी तिथले नियम पाळून पुढचे वाचावे.

हात लावण्यापूर्वी

ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो. त्यामुळे "रिकामे आहे" या समजुतीवर उघडताना गोळी सुटण्याचे अपघात या पिस्तुलात होतात. आधी मॅगझिन काढा, मगच स्लाइड ओढा. उलट केले तर मॅगझिनमधला पुढचा राउंड चेंबरमध्ये (नळीतल्या राउंडच्या जागेत) जातो. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, करंगळी घालून चाचपा. राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी सुरक्षित दिशेला धरूनच ट्रिगर दाबा, स्लाइड साधारण ३ मिमी मागे घ्या, दोन्ही बाजूंचे स्लाइड लॉक खाली ओढा आणि स्लाइड पुढे काढा.

अडकले की आधी बघा

प्रत्यक्ष धोक्यात असाल तर मॅगझिनला खालून थाप मारायची, स्लाइड ओढायची आणि पुढे जायचे. तिथे निदानाला वेळ नसतो. पण बटावर (नेमबाजीच्या मैदानावर) दोष शोधत असाल तर लगेच स्लाइड ओढू नका, कारण त्याने पुरावाच निघून जातो. बोट ट्रिगरवरून काढा, नळी लक्ष्याकडे ठेवा आणि दोन सेकंद नीट पाहा: स्लाइड कुठे थांबली आहे, पुंगळी कुठे आहे, पुढचा राउंड कुठे आहे. मोबाइलवर फोटो काढायला दुसरा माणूस जवळ असेल तर उत्तम.

एका वहीत या गोष्टी लिहा: मॅगझिनचा क्रमांक, मॅगझिनमधला कितवा राउंड, राउंडचा बनावट-गट (लॉट), कोण चालवत होते, पिस्तुलाखाली टॉर्च होता का, आणि काय दिसले. मॅगझिनच्या तळपट्टीवर रंगाच्या पेनने क्रमांक टाकायला एक मिनिट लागते. पाचसहा नोंदी झाल्या की बहुतेक वेळा उत्तर वहीतच दिसते. सगळ्या नोंदी क्रमांक ३ च्या मॅगझिनवर असतील तर पिस्तूल खोलायची गरजच नाही. सगळ्या एकाच माणसाच्या हातातल्या असतील, तरीही नाही.

ट्रिगर दाबल्यावर फक्त "टक" असा आवाज आला तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा; राउंड उशिरा पेटू शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला किंवा धक्का अगदीच कमी जाणवला तर पुढचा राउंड अजिबात चालवू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामे करा, नळी बाहेर काढा आणि आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

पुंगळी खिडकीत उभी अडकते

सर्वांत जास्त तक्रार हीच. स्लाइड पुरेशी मागे गेली नाही किंवा मागे जाताना तिचा वेग कमी पडला, तर इजेक्टरवर (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या भागावर) आपटून पुंगळी जोरात बाहेर फेकली जात नाही आणि बंद होणाऱ्या स्लाइडमध्ये चिमटली जाते.

या दोषात मात्र पहिला संशय पकडीवर घ्या. मॅगझिनशिवाय रिकामे पिस्तूल साधारण ६२५ ग्रॅमचे. फ्रेम हलकी असल्यामुळे, मनगट सैल पडले तर स्लाइडसोबत फ्रेमही मागे-वर जाते आणि दोघांमधले सापेक्ष अंतर कमी पडते. चाचणी सोपी आहे: तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, त्याच पेटीतले राउंड, पण दुसरा, मजबूत पकडीचा नेमबाज. त्याच्या हातात ५० राउंड विनातक्रार गेले तर पकड सुधारायची आहे: तळहाताचा वरचा भाग मुठीच्या मागच्या वळणात उंच बसवा, आधाराचा हात पुढून घट्ट दाबा, दोन्ही मनगटे ताठ ठेवा. थकवा आल्यावर, एका हाताने किंवा डाव्या हाताने चालवतानाच पुंगळी अडकत असेल तर हीच शक्यता अधिक.

दुसरा संशय राउंडवर. ११५ ग्रेनचे (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचे माप) स्वस्त, मंद सरावी राउंड नव्या ताठ स्प्रिंगला पुरेसे मागे रेटत नाहीत. नाटो धर्तीचे किंवा पूर्ण ताकदीचे १२४ ग्रेनचे राउंड वापरून ५० चालवून पाहा. २०१० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या पिस्तुलांत एकात एक बसणाऱ्या दोन स्प्रिंगांची जोडणी आली. सुरुवातीच्या काही पिस्तुलांना ती त्रासदायक ठरली आणि २०११ मध्ये ग्लॉकने ती बदलून देण्याची योजना जाहीर केली. त्या काळातले चौथ्या पिढीचे पिस्तूल सेकंडहँड घेतले असेल तर स्प्रिंग बदललेली आहे का हे कंपनीला अनुक्रमांक कळवून विचारा.

पुंगळ्या कपाळावर, चेहऱ्यावर येत असतील तर तोही याच कुळातला दोष. उजवीकडे आणि किंचित मागे, सातत्याने एकाच भागात पडणाऱ्या पुंगळ्या निरोगी समजाव्यात. काही डोक्यावर, काही पायाशी, काही डावीकडे असा पसारा असेल तर एक्स्ट्रॅक्टर किंवा इजेक्टर बघायचा. तिसऱ्या पिढीच्या उत्तरार्धात आणि चौथीच्या सुरुवातीला ९ मिमी पिस्तुलांबद्दल ही तक्रार खूप होती. तेव्हाच्या इजेक्टरवर ३३६ हा आकडा असतो. नंतरच्या सुधारित इजेक्टरवर ३०२७४. इजेक्टर ट्रिगर हाउसिंगमध्ये बसलेला असतो. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीची हाउसिंग वेगळी असतात, म्हणून मागवताना पिढी सांगायलाच हवी. मात्र पकड आणि राउंड तपासून झाल्याशिवाय हा भाग मागवू नका.

पुंगळी चेंबरमधून निघतच नाही

रिकामी पुंगळी आत राहते आणि मागून येणारा राउंड तिच्यावर आपटतो. नुसती स्लाइड ओढून हे सुटत नाही. स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन ओढून काढा, स्लाइड दोन-तीनदा जोरात चालवा, मग नवे मॅगझिन घाला.

आता ती पुंगळी हातात घेऊन तिची मागची कड भिंगाखाली बघा. सगळ्या निदानात सर्वांत बोलका पुरावा हाच आहे. कड फाटली किंवा ओरबाडली असेल तर एक्स्ट्रॅक्टरने पूर्ण जोर लावला होता, पुंगळीच चेंबरला चिकटून बसली होती. मग चेंबर मळलेला, गंजाने खडबडीत झालेला, किंवा राउंड जादा दाबाचा. कडेवर काहीच खूण नसेल तर एक्स्ट्रॅक्टरचा नख निसटला. मग नखाखाली काजळी भरली आहे का, नखाचा कोपरा तुटला आहे का, आणि त्यामागची स्प्रिंग नीट बसली आहे का, हे बघा.

चेंबरसाठी ब्राँझचा ब्रश मागच्या बाजूने घाला, सॉल्व्हंट लावून दहाबारा फेरे द्या आणि कापडाने कोरडा करा. नखाखाली नायलॉनचा ब्रश किंवा लाकडी काडी चालवा. हे करताना स्लाइड नळीकडचे टोक खाली करून धरा, म्हणजे मळ आणि सॉल्व्हंट स्ट्रायकरच्या (राउंड पेटवणाऱ्या सुईच्या) भोकातून आत उतरत नाही. एक्स्ट्रॅक्टर काढलाच तर त्याचा दाबदांडा, स्प्रिंग आणि प्लास्टिकचा टेकू ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघाले त्याच क्रमाने परत घाला. आधीच फोटो काढून ठेवा. नख कानशीने घासून "धार" काढण्याचा प्रकार करू नका; भाग स्वस्त आहे, बदला.

राउंड आत जाताना नाक खुपसतो, किंवा स्लाइड त्याच्यावरून जाते

हा जवळजवळ नेहमीच मॅगझिनचा प्रश्न असतो. स्लाइड पुढे येते तेव्हा वरचा राउंड वेळेत वर पोचलेला हवा. स्प्रिंग थकली, किंवा आत वाळू, कापडाचे तंतू, घट्ट झालेले तेल असेल तर राउंड उशिरा येतो. मग स्लाइड त्याच्या मागच्या कडेऐवजी मधल्या अंगावर आपटते, किंवा राउंडचे नाक मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर खाली वळते.

मॅगझिन खोला. तळपट्टी काढताना आतली प्लेट अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर स्प्रिंग डोळ्यांकडे उडते. आतून कोरड्या कापडाने पुसा. मॅगझिनला आत तेल लावू नका. त्यावर धूळ बसते आणि तेल प्रायमरमध्ये (राउंडच्या तळाशी असलेल्या पेटवणाऱ्या टोपीत) शिरले तर राउंड निकामी होऊ शकतो. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात घाम आणि दमट हवा लागणारे मॅगझिन आठवड्यातून एकदा खोलून कोरडे करणे योग्य. वरचे ओठ दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का, प्लास्टिकला चीर गेली आहे का, आत धातूचे अस्तर दिसू लागले आहे का, हे बघा. चीर गेलेले मॅगझिन सरावातही ठेवू नका. नवी स्प्रिंग घालण्याआधी जुन्या स्प्रिंगशेजारी ठेवून बघा. थकलेली स्प्रिंग उंचीला स्पष्ट आखूड दिसते. ९ मिमीच्या जुन्या मॅगझिनांत १० वेटोळ्यांची स्प्रिंग असे, नंतर ११ वेटोळ्यांची आली. घ्यायचीच असेल तर ११ ची घ्या.

टॉर्च लावल्यावरच अडकत असेल तर तेही इथेच तपासा. .४० कॅलिबरच्या ग्लॉक २२ च्या तिसऱ्या पिढीत टॉर्च लावल्यावर राउंड न भरण्याच्या तक्रारी अमेरिकेतल्या पोलीस दलांत गाजल्या होत्या, आणि तिथे जास्त ताठ मॅगझिन स्प्रिंग हा उपाय पुढे आला. ९ मिमी मध्ये हे कमी दिसते. तरी टॉर्च काढून ५० आणि लावून ५० राउंड चालवून पाहायला काय हरकत आहे?

स्लाइड शेवटचा अर्धा सेंटिमीटर बंद होत नाही

इथे रिकॉइल स्प्रिंगची चाचणी करा. पिस्तूल रिकामे, मॅगझिन बाहेर. नळी ४५ अंश वर धरा, ट्रिगर दाबून तसाच मागे धरून ठेवा, दुसऱ्या हाताने स्लाइड पूर्ण मागे घ्या आणि न सोडता सावकाश पुढे येऊ द्या. ती पूर्ण बंद झाली पाहिजे. मध्येच थांबली तर रिकॉइल स्प्रिंग बदला. ट्रिगर मागे धरायचे कारण असे की त्या स्थितीत स्ट्रायकरची स्प्रिंग पूर्ण ताणली जाते आणि स्लाइडला मागे खेचते. म्हणजे रिकॉइल स्प्रिंगची सर्वांत कठीण परीक्षा होते. तिसऱ्या पिढीपर्यंतची एकेरी स्प्रिंग ३००० ते ५००० राउंडांदरम्यान बदलून टाकणे शहाणपणाचे.

याच कारणाने स्पर्धेसाठी विकल्या जाणाऱ्या हलक्या रिकॉइल स्प्रिंगा सेवेच्या पिस्तुलात नकोत. हलकी रिकॉइल स्प्रिंग आणि मूळ ताकदीची स्ट्रायकर स्प्रिंग यांची जोडी बिघडते. ती जमवायला लोक मग स्ट्रायकरची स्प्रिंगही हलकी घालतात आणि राउंड पेटणे बंद होते. एका बदलामुळे दुसरा, दुसऱ्यामुळे तिसरा असे होत शेवटी पिस्तूल खरोखरच बेभरवशाचे होते.

स्प्रिंग ठीक असेल तर राउंड बघा. नळी बाहेर काढा, तोंड खाली करून धरा आणि राउंड एकेक करून चेंबरमध्ये टाका. टक्कन बसला, हलक्या हाताने फिरला आणि उलटे करताच स्वतःच्या वजनाने बाहेर पडला, तर तो योग्य. न बसणारे राउंड पुन्हा भरलेल्या पुंगळ्यांचे असण्याची शक्यता मोठी: तळाशी फुगवटा, तोंडाशी अपुरा दाब किंवा जादा लांबी. ९×१९ च्या पूर्ण राउंडची कमाल लांबी २९.६९ मिमी आहे, कॅलिपरने मोजा. शिवाय पहिल्या चार पिढ्यांच्या मूळ नळ्यांत बहुकोनी पेच असतात, त्यांत उघड्या शिशाच्या गोळ्या चालवू नयेत असे कंपनीच सांगते. शिसे चेंबरच्या पुढे साचते, राउंड पूर्ण बसत नाही आणि दाब वाढतो.

ट्रिगर दाबला, राउंड पेटला नाही

प्रायमरवरची खूण बघा. खोल आणि मधोमध खूण असेल तर राउंड खराब. खूण मधोमध पण उथळ असेल तर स्ट्रायकरच्या मार्गात तेल-काजळीचा चिखल किंवा हलकी स्प्रिंग. खूण एका बाजूला सरकलेली असेल तर बहुधा नळी पूर्ण लॉक झाली नव्हती, म्हणजे स्लाइड बंद न होण्याच्या आधीच्या भागाकडे परत जा. थोडीशी लांबट, ओढल्यासारखी खूण ग्लॉकमध्ये नेहमीची आहे, तिला घाबरू नका.

स्ट्रायकरचा मार्ग कोरडाच ठेवायचा, तिथे एक थेंबही नको. पिस्तूल तेलात न्हाऊ घालणाऱ्यांकडे हा दोष ठरलेला असतो. संपूर्ण पिस्तुलाला चारपाच थेंब पुरतात: स्लाइडच्या खाचांमध्ये फ्रेमच्या रेल्स घासतात तिथे एकेक थेंब पसरून, नळीच्या बाहेरून तेलाचे बोट, आणि एक थेंब फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, ट्रिगर बारचे मागचे टोक कनेक्टरला (ट्रिगर यंत्रणेतल्या छोट्या पट्टीला) टेकते तिथे. हा शेवटचा थेंब लोक हमखास विसरतात आणि मग ट्रिगर खरखरतो म्हणून कनेक्टर बदलायला निघतात. नव्या पिस्तुलात तांबूस रंगाचे ग्रीस असते, ते पहिल्या साफसफाईआधीच पुसून काढायची गरज नाही.

शेवटच्या राउंडनंतर स्लाइड उघडी राहत नाही

एकाच नेमबाजाच्या हातात होत असेल तर त्याचा अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या लिव्हरवर) टेकतो आहे. उंच पकड घेणाऱ्यांत हे फार आढळते. सगळ्यांच्या हातात पण एकाच मॅगझिनवर होत असेल तर मॅगझिन स्प्रिंग. याउलट, राउंड शिल्लक असतानाच स्लाइड उघडी राहत असेल तर अंगठा लिव्हरला खालून वर ढकलतो आहे किंवा लिव्हरची छोटी स्प्रिंग चुकीची बसली आहे. रिकाम्या पिस्तुलात लिव्हर वर करून सोडा. ती टक्कन खाली आली पाहिजे. सावकाश येत असेल किंवा वरच राहत असेल तर पिना परत बसवताना ती स्प्रिंग लॉकिंग ब्लॉकच्या पिनेखाली गेलेली नाही. पाचव्या पिढीत, म्हणजे २०१७ नंतर, या लिव्हरची रचना बदलली आहे. जुन्या पिढीचा भाग तिथे लावू नका.

ट्रिगर एकदम ढिला पडून पुढे येईनासा झाला तर ट्रिगर स्प्रिंग तुटली. पहिल्या चार पिढ्यांत ती इंग्रजी एस अक्षरासारखी दिसेल अशी बसवतात. उलटी बसवली तर लवकर तुटते.

दुरुस्तीनंतर

आधी बाहेरून आणलेले सगळे भाग काढून मूळ भाग लावा: कनेक्टर, स्प्रिंगा, नळी, स्लाइड, मॅगझिनची जादा लांबीची तळपट्टी. स्वच्छ करा, वर सांगितले तेवढेच तेल लावा. मग एकाच बनावट-गटाचे २०० राउंड किमान तीन मॅगझिनांतून, दोन नेमबाजांकडून चालवा. सेवेत वापरायचा राउंड वेगळा असेल तर त्याचे ५० वेगळे चालवा. यात एकदाही अडकले तर पिस्तूल कामावर देऊ नका. अडकलेली पुंगळी, तो राउंड आणि मॅगझिन पिशवीत घालून, वहीतल्या नोंदींसह आर्मररकडे पाठवा. "कधीकधी अडकते" एवढ्या चिठ्ठीवर आर्मररला काहीच शोधता येत नाही. "मॅगझिन १, २, ३, पुंगळी आत राहिली, कडेवर खूण नाही, तीनदा" असे लिहिले की तो थेट एक्स्ट्रॅक्टरपासून सुरुवात करतो.